ओसरीवरचे दहा ठोसेबाज

आमच्या घरात मुष्टियुद्ध शिरलं ते मोठ्या आईच्या तक्रारीतून. शाळेतून परत आले तेव्हा माझ्या पत्र्याच्या पेटीत, पुस्तकांच्या खाली, सुतळीनं बांधलेला जुन्या इंग्रजी साप्ताहिकांचा एक गठ्ठा होता. निघताना मोठ्या सिस्टरनं तो माझ्या हातात ठेवला होता, इंग्रजी गंजू देऊ नकोस म्हणून. तिनं तो उघडून पाहिला नसावा. ती साप्ताहिकं म्हाताऱ्या फादरसाठी विलायतेहून येत, आणि फादरना प्रवचनापेक्षा ठोसेबाजी प्रिय आहे हे शाळेतल्या सगळ्या मुलींना माहीत होतं. सिस्टर लोकांना तेवढं नव्हतं. मोठ्या आईला फडताळात अंथरायला कागद हवे होते. तिनं सुतळी सोडली, वरचं पान उलटलं, आणि कमरेला आखूड चड्डी व हातांत उशांसारखं काहीतरी, एवढ्याच पोशाखात उभा असलेला एक गोरा तिला दिसला. दुसऱ्या अंकात दुसरा. ती तसाच गठ्ठा उचलून ओसरीवर मोठ्या बाबांकडे घेऊन गेली.

"पाहा, तुमच्या मडमच्या पेटीत काय निंगालं. उघडे बाप्ये. एक नाई, दहा हायेत."

मडम म्हणजे मी. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता, म्हणून काहीही पाहायचं तर ते नाकाला लावून पाहत. त्यांनी तो कागद नाकाशी धरला आणि बैलबाजारात बैल पाहावा तसा वरून खाली, सावकाश सरकवला. मी दाराआड उभी होते. कान तापले होते, आणि पुढच्या गाडीनं कुठे पळून जाता येईल याचा विचार चालू होता. मानोऱ्याला गाडी नव्हती हेही आठवत होतं.

"खांदे पाहा याचे," मोठे बाबा म्हणाले. "पाय मात्र बारके. पोरी, काय लिवलं व याच्या खाली?"

दीड महिन्यात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

दीड महिना मी त्या घरात जवळजवळ मुकीच होते. लढाईच्या कामासाठी आमच्या शाळेची इमारत घेतली गेली आणि आम्हा मुलींना घरोघर पाठवून दिलं गेलं. माझे बाबा जंगलखात्यात, दूर चांद्याकडे. म्हणून आई आणि मी मानोऱ्याला, मोठ्या बाबांकडे. सातव्या वर्षापासून मी वसतिगृहात वाढलेली. मराठी मला येत होती, पण ती पुस्तकातली. "मला" म्हटलं की परसात तण निंदणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहून हसत, आणि "मले" म्हणायला गेलं की दुसऱ्याचं लुगडं नेसून निघाल्यासारखं वाटे. मग गप्प बसणं बरं. गप्प बसलं की लोक गर्विष्ठ समजतात, हे मला फार उशिरा कळलं. आता सुना म्हणतात, आई, थोडं गप्प बसत जा. माणसाला एकूण जितकं बोलायचं असतं तितकं तो कधीतरी बोलून घेतोच.

मॅट्रिकचं एकच वर्ष राहिलं होतं. मोठ्या सिस्टरचं पत्र आलं होतं की दिवाळीनंतर दुसऱ्या गावी वर्ग भरतील, जागा ठेवायची की नाही ते कळवा. बाबांनी चांद्याहून लिहिलं, दादा म्हणतील तसं. दादा, म्हणजे मोठे बाबा, म्हणाले, "पोळा होऊ दे, मंग पाहू." त्या घरात बऱ्याच गोष्टी पोळ्यानंतर पाहायच्या होत्या: विहिरीचा ढासळलेला काठ, म्हातारी म्हैस विकणं, चुलतबहिणीचं स्थळ. त्या रांगेत विहीर आणि म्हैस यांच्यामध्ये कुठेतरी मी उभी होते. शाळा सुटली तर आयुष्य कसं जाईल हे मला स्पष्ट दिसत होतं, कारण ते रोज डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात चाललेलं होतं. वाईट नव्हतं. पण ते माझं नव्हतं.

तर त्या दिवसापासून रोज दुपारी जेवणं झाली की वाचन. अंबाडीची भाजी, भाकरी, ठेचा, वर ताकाचा पेला. मग मोठे बाबा ओसरीवर सतरंजीवर बसत, मी माजघराच्या उंबरठ्याच्या आत, भिंतीकडे तोंड करून. समोरच्या पडवीत रहमान उस्ताद कापूस पिंजत असत. सणाआधी घरातल्या साऱ्या गाद्या नव्यानं भरून घ्यायची मोठ्या आईची रीत होती, त्यामुळे उस्तादांचा मुक्काम आठ-पंधरा दिवस आमच्याकडेच. पोटासाठी ते पिंजारी आणि हौसेनं गावच्या आखाड्याचे उस्ताद. आढ्याला दोरीनं टांगलेली ती मोठी धनुकली, तिच्या तातीवर लाकडी मुठ्याचा ठोका पडला की टँऽव असा आवाज निघे आणि कापसाचा ढग उडे. जवानीत ते आणि मोठे बाबा एकाच हौद्यातल्या मातीत खेळले होते. तेव्हा कुणी कुणाला चित केलं होतं याबद्दल दोघांची मतं वेगळी होती, आणि दोघांचेही साक्षीदार मेलेले होते.

साप्ताहिकात एका म्हाताऱ्या इंग्रज लेखकानं लेखमाला लिहिली होती: आधुनिक काळातले सर्वांत थोर दहा मुष्टियोद्धे. एका अंकात एक. पहिल्या अंकात सुरुवातीला दीड पान नुसती प्रस्तावना होती. लेखकाची सांधेदुखी, त्याचा संपादक, त्याची कुत्री. ते मराठीत कसं सांगावं ते मला कळेना, म्हणून मी ते सोडून दिलं आणि जिथे मोठा एक आकडा छापला होता तिथून सुरू केलं. "पहिला," मी म्हणाले.

त्या माणसांची नावं मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या ओसरीवर ती कधी टिकलीच नाहीत. इंग्रजी नाव उच्चारलं की उस्ताद म्हणत, "बेटी, हे नाव दातात अडकते," आणि त्याला आपलं नाव देऊन टाकत. पहिला होता तो "वारा". तो आयुष्यात एकदाही हरला नव्हता. समोरच्याचा ठोसा जिथे पडायचा तिथून तो आधीच निघून गेलेला असे. लेखकानं त्याची इतकी स्तुती केली होती की वाचताना माझाच आवाज थोडा चढला. मी थांबले आणि 'वा' ऐकायची वाट पाहिली.

"सुरुवात बरी हाये," उस्ताद म्हणाले आणि तातीवर ठोका दिला.

मला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण दोघांचं कुतूहल दुसरीकडेच होतं. पडलेल्या माणसाला उठायला दहा आकडे मोजेपर्यंत सवड देतात, हे ऐकून मोठे बाबा चाट पडले. "आमच्यात पाठ मातीले लागली की खतम. याह्यच्यात पडल्यावर पुन्हा इचारतात का बापा, उठतं का?" हातांत गाद्या बांधून मारतात यावर उस्ताद पिंजारी म्हणून खूश झाले. "म्हंजे माह्या धंद्याशिवाय त्याह्यचं चालत नाई."

तिसऱ्या दिवशी घोटाळा माझ्या लक्षात आला. तिसरा गडीही जबर होता. वाचून संपल्यावर मोठे बाबा मांडीवर हात मारून म्हणाले, "रहमान, हे तं अजून रेवडीचे गडी हायेत. रेवडीवाले असे, तं नारळावाले कसे असतीन, अन कड्यावाला कसा असन?"

आमच्याकडच्या कुस्त्यांच्या दंगलीची रीत ज्यानं पाहिली आहे त्याला यापुढे सांगायला नको. पहिली कुस्ती सर्वांत लहान पोरांची. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. मग नारळाच्या कुस्त्या, मग फेट्याच्या, आणि दिवस कलताना सर्वांत शेवटी जो मोठा जोड लागतो त्याला मनगटात घालायचा चांदीचा कडा. पहिला म्हणजे सर्वांत लहान, शेवटचा म्हणजे सर्वांत थोर. आकडे त्याच दिशेनं वाढतात; दुसऱ्या कुठल्या दिशेनं मोजावं हे त्या ओसरीवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी धावत जाऊन सोडून दिलेली प्रस्तावना वाचली. लेखकानं स्वच्छ लिहिलं होतं की मी सर्वश्रेष्ठ माणसापासून सुरुवात करतो, कारण माझं वय पाहता दहाव्यापर्यंत मी जगेन याची खात्री नाही.

मी लगेच जाऊन सांगायला हवं होतं. पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि ती बोलायची थांबतच नसत. उद्या सांगू म्हटलं. उद्या उजाडला की मोठे बाबा म्हणत, "चाल पोरी, आता गडी वाढत चालले," आणि माझ्यापुढे शेंगदाणे आणि गूळ सरकवत. कुणी माझी इतकी वाट पाहिली नव्हती. मी गूळ खाल्ला.

पुढची अडचण मात्र खरोखरीची होती. लेखकाची स्तुती दर अंकाला उतरत होती आणि ओसरीवरची अपेक्षा दर दिवसाला चढत होती. सहाव्याचा डावा हात आळशी आहे असं त्यानं लिहिलं होतं. ते वाक्य मी गिळलं. सातव्याला मी दोन जास्तीचे विजय दिले. नवव्याच्या वेळी तर कागदाकडे फारसं पाहतही नव्हते. पुढे नोकरीत मी जन्मभर भाषांतरं केली, सरकारी आणि खाजगी. तशी मोकळीक पुन्हा कधी घेतली नाही, आणि तसे श्रोतेही पुन्हा मिळाले नाहीत.

दहावा लोखंडाच्या भट्टीवर काम करणारा मजूर होता. जितक्या लढती जिंकला होता जवळजवळ तितक्याच हरला होता. लेखकानं सुरुवातच अशी केली होती की याचं नाव इथे पाहून वाचक थक्क होतील. हे वाक्य मी अक्षरशः खरं भाषांतरित केलं, माझ्या बचावाला तेवढंच आहे. एका लढतीत दुसऱ्याच फेरीत त्याचा हात मोडला आणि तरी तो शेवटपर्यंत लढला. नऊ वेळा पडला, नऊ वेळा उठला. मी दोन्ही हात मोडले.

"मंग मारत कायनं होता?" उस्तादांनी विचारलं.

"मोडलेल्याच हातांनी," मी भिंतीला म्हणाले.

पडवीत धनुकली गप्प होती. मोठ्या बाबांच्या डोळ्यांतून पडद्यामुळे तसंही पाणी गळतच असे, पण त्या दिवशी ते पुसायला त्यांनी धोतराचा सोगा घेतला. "भट्टीवाला," ते म्हणाले. "असा गडी मी पाह्यला नाई. याच्यासमोर तो तुहा वारा म्हंजे पोरगं हाये, रहमान." आणि करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दंगलीत ते स्वतः जो चांदीचा कडा देत, तो या वर्षी भट्टीवाल्याच्या नावानं द्यायचा असं त्यांनी जाहीर केलं. चार दिवसांत ही बातमी पाच गावांत गेली. तांड्यावरची पोरं आमच्या दारावरून जाताना भट्टीवाला-भट्टीवाला खेळत. त्यात जो पडायचा त्याला मान होता.

आणि एका जेवणाच्या वेळी, मी भाकरी वाढत असताना, मोठे बाबा मोठ्या आईला म्हणाले, "पोरीच्या इंग्रजीत दम हाये. पाठवा म्हनतो शाळेत."

"पाठवा," मोठी आई म्हणाली. "तेवढीच उघड्या बाप्यांची आवक थांबन."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी दुसऱ्याच्याच ताटात वाढली.

पोळ्याच्या आदल्या दुपारी हवालदार आला. तो धनजचा; सासुरवाडी आमच्या गावात. सुटीवर आला होता. पलटणीत जाण्याआधी आमच्याच दंगलीत तो एकदा चित झाला होता, आणि मोठे बाबा बसल्या जागेवरून म्हणाले होते, "ऊठ बापू, माती झटक, घरी जा." साऱ्या गावानं मग त्याला ते वर्षभर ऐकवलं होतं. आता तो बूट वाजवत ओसरीवर बसला, चहा प्याला, आणि मोठ्या बाबांनी त्याला भट्टीवाल्याची सारी कहाणी सांगितली. सांगता सांगता त्यात आणखी एक बरगडी मोडली. ती माझी नव्हती.

"कोणच्या नंबरचा म्हनता, पाटील?" हवालदारानं विचारलं.

"दहाव्या."

हवालदारानं कप खाली ठेवला. उंबरठ्याकडे पाहिलं. त्याला माझ्या पायाची बोटं दिसत असतील तेवढीच. मी ती आत ओढून घेतली.

"लय मोठा गडी असन मंग," तो म्हणाला. गुळाचा पाक व्हावा तसा आवाज. "आमच्या पलटणीत सायबाकडं हेच पेपर येत. सायेब आमाले वाचून दाखवे. मी सांगतो ना दंगलीत, चार मानसांसमोर, या दहाव्या नंबराबद्दल. मजा येईन." जाताना तो माजघराच्या दिशेनं म्हणाला, "ताई, वाचलं बराबर ना?"

उत्तर द्यायची मला गरज पडली नाही; त्याला ते मिळालेलं होतं.

तो गेल्यावर मी बराच वेळ तांदूळ निवडत बसले. त्यात खडे नव्हते. दोनच गोष्टी शक्य होत्या. सांगितलं नाही तर करीच्या दिवशी पाच गावांसमोर, कडा हातात घेऊन उभ्या असलेल्या मोठ्या बाबांचं हसू होणार होतं, आणि ते ऊठ-माती-झटक त्यांच्याच अंगावर परत येणार होतं. सांगितलं तर ज्या इंग्रजीच्या दमावर मी शाळेत जाणार होते त्या इंग्रजीनं त्यांना पंधरा दिवस फसवलं हे मीच कबूल करणार होते. पोळा तर उद्यावर आला होता, आणि पोळ्यानंतर पाहायच्या यादीतून माझं नाव खोडलं जायला कितीसा वेळ.

संध्याकाळी गोठ्यात खांदशेकणी चालू होती. जन्मभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकायचं, आणि बैलांच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. डोळ्यांना दिसत नसलं तरी हे काम मोठे बाबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्यांच्या हातांना प्रत्येक खांदा ओळखता येत असे. मी गोठ्यात गेले. धूर, शेण आणि तूप यांचा एकत्र वास होता. एका बैलाच्या पलीकडे ते होते, अलीकडे मी. बैल मध्ये असल्यामुळे बोलणं थोडं सोपं गेलं.

"मोठे बाबा, त्या यादीत पहिला आहे तो सर्वांत मोठा. दहावा सर्वांत लहान."

हात थांबला नाही. "कायले?"

"ते लोक वरून मोजतात."

"हं." पळसाचं पान पुन्हा तुपात बुडालं. "कवापासून माहीत हाये तुले?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"अन हवालदाराले?"

"दुपारपासून."

"अन मी रोज तुले गूळ देऊन राह्यलो." ते थोडं पुढे सरकले, बैलाच्या दुसऱ्या खांद्याकडे. "भट्टीवाला खरा हाये का तोही तुहाच?"

"खरा आहे."

"हात मोडला होता?"

"एक."

"एक." त्यांनी ते जरा वेळ तोलून पाहिलं. "अन नऊ वेळा उठला ते?"

"ते खरं आहे. नऊच."

"अन शेवटी त्याच्या मायनं येऊन त्याचे हात धुतले ते?"

"ते माझं," मी म्हणाले.

बैलानं मान हलवली, घुंगरू वाजले. मोठ्या बाबांनी पळसाचं पान खाली ठेवलं. मग त्यांनी त्या बैलाच्या कानाशी वाकून, माझ्याशी बोलले त्यापेक्षा जास्त मायेनं, त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. मला म्हणाले, "जाय. तुही मोठी आई आवाज देऊन राह्यली." मोठी आई कुणालाच आवाज देत नव्हती.

पोळ्याचा दिवस पुरणपोळ्या लाटण्यात गेला. करीच्या दिवशी आम्ही बायका शेजारच्या घराच्या धाब्यावर चढून दंगल पाहत होतो. रेवडीच्या कुस्त्या झाल्या, नारळाच्या झाल्या. हवालदार पुढच्या रांगेत, बूट चकचकीत, मिशीला पीळ. शेवटचा जोड लागायच्या आधी मोठे बाबा रहमान उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून उठले. हवालदारही उठू लागला.

"बस बापू, तुही पाळी येईन," मोठे बाबा म्हणाले, आणि मग मैदानाकडे वळून, "ऐका. हा कडा ज्याच्या नावानं हाये तो भट्टीवाला सायबाच्या यादीत दहावा हाये. सायेब वरून मोजते, आपन खालून मोजतो. म्हंजे दहावा तो आखरीचा. मी उलटा समजलो. माहं चुकलं." कुणीतरी हसलं. मोठे बाबा थांबले, हसू संपू दिलं. "पन साऱ्या दुनियेत दहावा हाये. अन तुमच्या पाच गावांत दहावा कोन हाये ते मले एकानं सांगावं. नावासकट."

आता हसू सगळ्या मैदानाचं होतं, आणि ते मोठ्या बाबांवर नव्हतं. लोक एकमेकांकडे बोटं दाखवू लागले. हवालदाराकडे बरीच बोटं गेली. तो अर्धा उठलेला होता, तसाच खाली बसला. कडा शेवटी मेडशीच्या एका शांत पैलवानाला गेला. माझ्याबद्दल मोठ्या बाबांनी अवाक्षर काढलं नव्हतं. वाचलं कुणी, सांगितलं कुणी, काही नाही. मोठी आई शेजारी उभी होती. "मडम," ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "दोन्ही हात मोडायची काय गरज होती व?" तिला कुणी सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही. तीस वर्षं तिच्याशी लग्न करून राहिलेल्या माणसानं गोठ्यातून येऊन तिला सांगितलं असेल, आणि दोघं अंथरुणावर हसली असतील, असा माझा अंदाज आहे. तेव्हा मात्र मला तसं सुचलं नाही. तेव्हा वाटलं, सगळं संपलं.

नंतरचे दिवस वाचन झालं नाही. उस्तादांचं काम संपलं होतं, धनुकली खांद्यावर टाकून ते गेले. विहिरीचा काठ बांधून झाला. म्हैस विकली गेली. मोठे बाबा माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. पाणी दे, काठी दे, एवढं बोलत. सिस्टरच्या पत्राचा विषय कुणी काढला नाही, आणि मी काढला असता तर ती मी नव्हतेच. चुलतबहिणीच्या स्थळाच्या गोष्टी चालू झाल्या, तेव्हा एका पाहुण्यानं माझ्याकडेही पाहून वय विचारलं. आई त्या रात्री जेवली नाही.

दिवाळीचे फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते तेव्हाची सकाळ. अंगणात धमणीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, चाकांना वंगण चाललं होतं. कुणी कारंज्याला जाणार असेल असं मला वाटलं. मोठे बाबा ओसरीवरून म्हणाले, "विमल, पेटी भर." मला त्यांनी नावानं हाक मारलेली तीच पहिली. मी उंबरठ्यात तशीच उभी राहिले.

"अर्धी शिकलेली पोरगी लय वंगाळ," ते म्हणाले. "एक तं पुरं शिक, नाई तं सारं इसर. इसरनं तुले जमत नाई, मी पाह्यलं. मंग काय करतं? अन इथं ठेवलं तं अजून कोनाकोनाचे हात मोडशीन कोन जाने."

स्वयंपाकघरातून मोठी आई म्हणाली, "गठ्ठा ठेवून जाय, मले कागद लागतात." गठ्ठा तिला मिळाला. पण ती दहा पानं फडताळात कधी अंथरली गेली नाहीत हे पुढच्या सुटीत मी पाहिलं. ती मोठ्या बाबांच्या उशाशी होती.

कारंज्याला बारक्या रुळांची गाडी उभी होती. आई माझ्याबरोबर येणार होती. ती आत पेटीवर बसली. मोठे बाबा फलाटावर, खिडकीच्या गजांना धरून. गाडी सुटायला वेळ होता. मी त्यांच्या पागोट्याकडे पाहत होते. ते माझ्या दिशेनं, पण जरा बाजूला, जिथे त्यांना मी असेन असं वाटत होतं तिथे पाहत होते.

"सायेब म्हनते वारा मोठा," ते एकदम म्हणाले. "मी म्हनतो भट्टीवाला. तू सारं वाचलं. तू कोनाले मोठा म्हनतं?"

मला कुणी असं विचारलं नव्हतं. शाळेत कवितेचा अर्थ विचारत, तोही आधी फळ्यावर लिहून दिलेला असे. मी पंधरा दिवस दुसऱ्यांची मतं इकडून तिकडे नेली होती. त्यात आपलं एखादं असेल हे तपासून पाहिलं नव्हतं. तपासायला गेले तर ते तयारच होतं.

"चौथा," मी म्हणाले.

"चौथा? चौथा कोन?"

चौथा वाचला त्या दिवशी तांबडी गाय व्याली होती, निम्मा वेळ ओसरीवर कुणीच नव्हतं. म्हणून मी त्यांना तो खिडकीतून पुन्हा सांगितला, एकही हात न मोडता. तो अंगानं किरकोळ होता. पहिल्या दोन फेऱ्या तो काहीच करत नसे, हात वर धरून नुसता समोरच्याकडे पाहत असे. लोक शिट्या मारत, शिव्या देत. तिसऱ्या फेरीत त्याला समोरच्याचं सगळं कळलेलं असे.

"म्हंजे नुसता उभा राह्यते?" मोठे बाबा म्हणाले. "हे काय मोठेपन हाये? उभं तं आमचं बुजगावनंही राह्यते."

"तो पाहून घेतो."

"मारनारा मोठा असते पोरी, पाहनारा नाई."

"पाहिल्याशिवाय मारायचं कुठे ते कसं कळेल?"

"मार खाल्ला की कळते. भट्टीवाल्याले इचार."

"म्हणूनच तो दहावा आहे," मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर हात तोंडाशी नेला. आईनं मागून माझा पदर ओढला. मोठ्या बाबांच्या मिशा हलल्या. शिट्टी झाली, गाडीनं एक धक्का दिला आणि निघाली. त्या गाडीचं निघणं म्हणजे बैल गोठ्यातून निघाल्यासारखं असे, माणूस सहज बरोबर चालू शकत होता. ते गज धरून चालू लागले, काठी दुसऱ्या हातात, आणि चालता चालता त्यांनी माझा चौथा गडी तीनदा खोडून काढला: तो अंगानं कमी, तो वेळकाढू, आणि त्याच्यासाठी कडा द्यायला पाच गावांत कुणी उठणार नाही. फलाट संपला तेव्हा त्यांनी गज सोडले. मी खिडकीला गाल टेकवून, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, चौथ्यांदा तेच म्हणाले: "चौथा."